पुढचं स्थानक डोहलर

हिंजवडीत पत्ता सांगायची एक स्वतंत्र भाषा आहे. नवीन जॉइन झालेल्याला जावाच्या आधी ती शिकावी लागते. "विप्रो सर्कलला ये, तिथून इन्फोसिसच्या मागच्या गेटच्या दिशेने, मग क्वाड्रन सोडलंस की डावीकडे." या वाक्यात एकही रस्ता नाही, ओढा नाही, देऊळ नाही, झाड नाही. नुसत्या कंपन्या. आणि गंमत म्हणजे ऐकणाऱ्याला सगळं व्यवस्थित कळतं.

हे फक्त बोलण्यापुरतं आहे असं वाटत असेल तर माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेचा आराखडा बघा. १८ डिसेंबर २०१८ ला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालेली, तेवीस स्थानकांची ही मार्गिका. आराखड्यातल्या स्थानकांची नावं माणकडून सुरुवात करून एका दमात वाचून काढा: मेगापोलिस सर्कल, एम्बसी क्वाड्रन बिझनेस पार्क, डोहलर, इन्फोसिस फेज टू, विप्रो फेज टू, पॉल इंडिया... आणि मग एकदम शिवाजी चौक. म्हणजे सहा स्थानकं ओलांडल्यावर पहिल्यांदा माणसाचं नाव येतं, आणि तेही महाराजांचं. त्याखालच्या कुणाची कंपन्यांसमोर टिकायची छातीच झाली नसावी :-)

(डोहलर नक्की काय करते हे मी पाच जणांना विचारलं. एकालाही सांगता आलं नाही. ती खाण्यापिण्याच्या पदार्थांसाठी फळांचे अर्क, स्वाद वगैरे बनवणारी जर्मन कंपनी आहे. पुढेमागे लोक "डोहलरला उतरलो" म्हणतील तेव्हा त्याचा अर्थ "उतरलो" एवढाच असेल.)

तर मुद्दा असा, की आपण एका लोगोंच्या गावात राहतो. आणि असं गाव कुणीतरी आधीच पडद्यावर उभं करून झालंय.

*

'लोगोरामा' नावाची सोळा मिनिटांची फ्रेंच ॲनिमेशन फिल्म आहे. २००९ ची. एच-फाइव्ह या फ्रेंच ग्राफिक डिझाइन गटाच्या तिघांनी दिग्दर्शित केलेली: फ्रांस्वा अलो, एर्वे द क्रेसी आणि ल्युडोविक उप्लँ. ७ मार्च २०१० ला तिला सर्वोत्तम ॲनिमेटेड लघुपटाचं ऑस्कर मिळालं. पाहिली नसेल तर या वीकेंडला पाहा, पण लहान मुलं झोपल्यावर. शिव्या भरपूर आहेत.

फिल्ममधलं शहर लॉस एंजेलिस आहे, आणि ते पूर्णपणे लोगोंचं बनलेलं आहे. "लोगो दिसतात" असं नाही, लोगोंव्यतिरिक्त काहीच नाही. इमारती लोगो, गाड्या लोगो, उडणारी फुलपाखरं म्हणजे एमएसएनचं जुनं फुलपाखरू. पोलिस कोण? मिशेलिन टायरचे ते गुबगुबीत पांढरे बाबा. हॉटेलातली वेट्रेस एस्सो पेट्रोलची जुनी पोरगी. तिच्याकडे बघून फालतू बोलणारे दोघे प्रिंगल्सच्या डब्यावरचे मिशाळ काका, आणि त्यांतल्या एकाला आवाज दिलाय चक्क डेव्हिड फिंचरने. आणि गुंड कोण? हातात बंदूक घेऊन पोराला ओलीस धरणारा, तोंडाचा पट्टा चालूच असलेला रोनाल्ड मॅकडोनाल्ड.

मग पाठलाग, गोळीबार, भूकंप. जमीन फाटून काळं तेल वर येतं आणि सगळं शहर बुडवतं. शेवटी कॅमेरा मागे मागे जात पृथ्वीबाहेर पडतो, तर तिथेही लोगोच.

या सोळा मिनिटांत अडीच हजारांहून जास्त लोगो आहेत. कुणाचीही परवानगी घेतलेली नाही. ऑस्कर घेताना निर्माता निकोला श्मेरकिन स्टेजवर म्हणाला, की आमच्या तीन हजार अनधिकृत प्रायोजकांचे आभार, आणि या फिल्मच्या निर्मितीत एकाही लोगोला इजा झालेली नाही. ही सोळा मिनिटं बनवायला सहा वर्षं लागल्याचंही त्याने तिथेच सांगितलं.

मला या फिल्मचं सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू? ती भाषण देत नाही. "बाजारपेठेने माणूस गिळला हो" असं एकही पात्र म्हणत नाही. पात्रांना माहीतच नाही की आपण लोगो आहोत. मिशेलिनचा पोलिस त्याच्या ड्युटीत मग्न आहे, कारण त्याच्या दृष्टीने हेच जग आहे. विप्रो सर्कलला रोज उतरणाऱ्याला जसं आपण एका ट्रेडमार्कवर उतरतोय असं कधी वाटत नाही, तसंच.

*

आता साहजिक प्रश्न: असलं काही आपल्याकडे कुणी केलं असतं तर?

पहिलं उत्तर डोळ्यांसमोर येतं ते अमूलची पोरगी. १९६६ मध्ये मुंबईत सिल्व्हेस्टर दाकुन्हांच्या एजन्सीत जन्मलेली, युस्टस फर्नांडिसांनी काढलेली. गेली कित्येक वर्षं तिला कागदावर उतरवणारा हात जयंत राणे यांचा आहे. ती ॲनिमेशन नाही, पण दर आठवड्याला बदलणारं होर्डिंग हीसुद्धा एक प्रकारची फिल्मच, फक्त फ्रेम रेट आठवड्याला एक.

या पोरीने इतर ब्रँडांचीही टिंगल केलीय आणि त्याचे हिशेबही चुकते केलेत. दाकुन्हांकडच्या मंडळींनी सांगितलेले किस्से मजेशीर आहेत. इंडियन एअरलाइन्सच्या संपावर होर्डिंग लावलं तेव्हा एअरलाइन्सने दम दिला, की काढा, नाहीतर विमानात अमूल बटर देणं बंद. २००९ मध्ये सत्यम घोटाळ्यावर होर्डिंग आलं, तर सत्यमकडून पत्र गेलं, की आमचे कर्मचारी तुमचं लोणी खाणं बंद करतील. (बुडत्या आयटी कंपनीकडे शेवटचं शस्त्र काय उरतं बघा. कर्मचाऱ्यांचा ब्रेकफास्ट.) गणपतीत 'गणपती बाप्पा मोअर घ्या' लावलं तर शिवसेनेकडून ऑफिस फोडायची धमकी. आणि २०११ मध्ये सुरेश कलमाडींवरच्या होर्डिंगवरून आपल्या पुण्यातही गडबड झालीच.

मला ही पोरगी मनापासून आवडते. पण एक गोष्ट विसरता येत नाही: ती स्वतः लोगो आहे. तिला टोमणे मारायची मोकळीक आहे कारण शेवटी लोणी विकलं जातं. व्हर्गीज कुरियननी एजन्सीला "विचारायला येऊ नका, करा" म्हणून सूट दिली, हे मोठंच. पण ती सूट मालकाने दिलेली होती. लोगोरामाला मालकच नव्हता. फरक इथे आहे.

*

मालक नसलेल्या टिंगलीची आपल्याकडची खरी परीक्षा झाली ती कोर्टात. आणि आपल्यासारख्यांना जवळची वाटेल अशी: एका कॉम्प्युटर गेमवरून.

२०१० मध्ये ग्रीनपीसने ऑनलाइन गेम काढला, 'टर्टल व्हर्सेस टाटा'. सरळसरळ पॅकमॅनची नक्कल. पॅकमॅनच्या जागी ऑलिव्ह रिडले कासव, आणि त्याच्या मागे लागणारे राक्षस म्हणजे टाटांचा लोगो. ओडिशातल्या धामरा बंदराच्या प्रकल्पाने कासवांच्या विणीच्या जागा धोक्यात येतात, हा ग्रीनपीसचा आरोप. टाटा सन्स दिल्ली उच्च न्यायालयात गेले. ट्रेडमार्कचा गैरवापर, बदनामी, दहा कोटींची भरपाई आणि गेम ताबडतोब बंद करायचा मनाई हुकूम, अशी मागणी.

२८ जानेवारी २०११ ला न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांनी अंतरिम मनाई हुकूम नाकारला. निकालाचा आशय माझ्या शब्दांत असा: लोगोचा वापर दरवेळी माल विकायलाच होतो असं नाही. टीका करायला, विडंबन करायलाही होतो, आणि असा वापर म्हणजे आपोआप ट्रेडमार्कचा भंग नव्हे. विडंबनात अतिशयोक्ती असणारच. बदनामी झाली असेल तर ती खटल्यात सिद्ध करा, भरपाई मागा. पण आधीच तोंड बंद करता येणार नाही.

हा निकाल मला लोगोरामाच्या ऑस्करपेक्षा महत्त्वाचा वाटतो. ऑस्करने म्हटलं, छान केलंत. निकालाने म्हटलं, करू शकता. आता गंमत पाहा. वर सांगितलेली मेट्रोची तिसरी मार्गिका टाटा-सीमेन्सच्या प्रकल्पाची. तिच्यातून जाताना मोबाइलवर पॅकमॅन खेळणाऱ्या कुणाच्याही डोक्यात ते कासव येणार नाही. नावं इतकी सवयीची झालीत, की त्यांच्याबद्दल काही म्हणता येतं हेच आपण विसरलोय.

*

आणि कोर्टापर्यंत जायची वेळ येतेच कुठे? लगाम त्याच्या खूप आधी लागलेला असतो. एक किस्सा सांगतो. कंपनीचं नाव विचारू नका.

आमच्या ॲन्युअल डेसाठी टीममधल्या एका पोराने तीन मिनिटांची टू-डी ॲनिमेशन केली. दिवसा टेस्टिंग, रात्री हे. गोष्ट साधी: रात्री अकराला बिल्डिंगवरचा कंपनीचा लोगो हळूच खाली उतरतो, कारण त्याला भूक लागलीय. टपरीवर कटिंग मारतो, वडापाव खातो, शिवाजी चौकात ट्रॅफिकमध्ये अडकतो, आणि पहाटे परत येतो तर गेटवरचे काका त्याला आत सोडत नाहीत. आयकार्ड नाही म्हणून. लोगो म्हणतो, "अहो, तुमच्या शर्टावर मीच आहे." काका म्हणतात, "साहेब, नियम म्हणजे नियम."

आम्ही हसून लोळलो होतो. टिंगल कसली, प्रेमपत्र होतं ते. पण फिल्म ब्रँड टीमकडे मंजुरीला गेली आणि उत्तरात साठेक पानांची पीडीएफ आली. लोगोभोवती किती जागा मोकळी सोडायची, तो कुठल्या रंगावर ठेवायचा नाही, तिरका करायचा नाही, ताणायचा नाही. आणि एक ओळ पिवळ्या रंगात अधोरेखित करून: लोगोला मानवी अवयव जोडू नयेत. फिल्म दाखवली गेली नाही. त्या जागी एका मॅनेजरने किशोरकुमार म्हटला.

पुढच्या वर्षी कंपनी विकली गेली. एका मंगळवारी भर दुपारी क्रेन आली आणि बिल्डिंगवरचा लोगो उतरवला. दोन दिवस तो पार्किंगमध्ये उताणा पडला होता, मागच्या वायरी लोंबत. जवळून बघितल्यावर कळलं, केवढा मोठा होता. आणि आत काही नव्हतं, पत्रा आणि ट्यूबलाइट. भोवती मोकळी जागा सोडायचा नियम तेवढा पाळला गेला होता, कारण गाड्या लावता येऊ नयेत म्हणून दोरी बांधली होती. त्या तिमाहीत ज्यांना एचआरने खोलीत बोलावलं त्यांत तो ॲनिमेशनवाला पोरगाही होता. फिल्मचा आणि त्याचा काही संबंध नाही, यादी कुठल्यातरी एक्सेलमधून आली होती. पण लोगोला हात-पाय जोडू नका म्हणणाऱ्यांनी माणसांचे हात-पाय किती सहज वेगळे केले, हे मात्र डोक्यातून जात नाही.

*

या सगळ्याच्या बरोब्बर उलट टोकाला एक फिल्म आहे, आणि ती आपल्या मुंबईची आहे. गीतांजली राव यांची 'प्रिंटेड रेनबो', २००६ ची. जे. जे. मध्ये शिकलेल्या, राम मोहन यांच्या स्टुडिओत ॲनिमेशन शिकलेल्या राव यांनी जवळजवळ एकटीने, फ्रेम फ्रेम रंगवून केलेली ही पंधरा मिनिटांची फिल्म कान महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकमध्ये गेली आणि कोडॅकच्या पुरस्कारासकट तीन पुरस्कार घेऊन आली. तीन वर्षांनी लोगोरामानेही कानला कोडॅकचाच पुरस्कार घेतला. योगायोग, पण बोलका.

कारण 'प्रिंटेड रेनबो'सुद्धा ब्रँडांचीच फिल्म आहे! शहरातल्या फ्लॅटमध्ये एकटी राहणारी एक म्हातारी आणि तिची मांजर. घर सगळं करड्या रंगाचं. आणि म्हातारीकडे काडेपेट्यांचा संग्रह. एकेका पेटीवरचं चित्र उघडतं आणि ती मांजरीसकट त्या रंगीत जगात शिरते. संवाद एकही नाही.

काडेपेटीचं लेबल म्हणजे काय? लोगोच की. आपल्याकडे अंबरनाथच्या विम्कोची शिप होती, आणि शिवकाशीकडच्या छोट्या कारखान्यांची शेकडो वाघ, मोर, किल्ल्या, कमळं. एकाने केलेलं दुसऱ्याने थोडं बदलून छापायचं. ब्रँड गाइडलाइनची पीडीएफ कुणाच्या गावी नव्हती. म्हणून ती चित्रं कुणाचीही होऊ शकली. म्हातारीला त्यांत शिरायला मंजुरी लागली नाही.

दोन्ही फिल्म पाठोपाठ पाहिल्यावर मला वाटलं, प्रश्न लोगो चांगला की वाईट हा नाहीच. लोगो हे चित्र आहे आणि चित्राशी माणूस खेळणारच. प्रश्न आहे खेळू देणार का. एकीकडे म्हातारी लोगोत राहायला जाते आणि तिचं जग मोठं होतं. दुसरीकडे लोगो आपल्या जगात राहायला येतात आणि आपल्यालाच जागा उरत नाही.

*

बरं, ज्यांच्या नावाने आपण स्थानकं करतोय ती नावं तरी किती पक्की आहेत? विप्रो घ्या. १९४५ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला सुरू झालेली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. धंदा वनस्पती तुपाचा. म्हणजे विप्रो सर्कल हे मुळात तुपाच्या डब्याचं सर्कल. तिचं ते सप्तरंगी फूल आपल्या डोळ्यांत इतकं बसलेलं, २०१७ मध्ये तेही गेलं आणि ठिपके आले. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यातच सुरू झाली, दोन वर्षांत बंगळूरला गेली, आणि मग परत आली ती आपल्याला पत्ता द्यायला. पटनीचं आयगेट झालं, आयगेट कॅपजेमिनीत गेली. सत्यम २०१३ मध्ये टेक महिंद्रात विरघळली. गळ्यातल्या पट्ट्याचा रंग बदलतो, आतला फोटो तोच राहतो, थोडा टक्कल पडलेला.

गाव मात्र हे सगळं सुरू व्हायच्या आधीपासून इथे आहे. चैत्रात म्हातोबाचं बगाड निघतं तेव्हा कुणी डोहलरवरून डावीकडे वळत नाही. आणि पाणीही आपले जुनेच रस्ते लक्षात ठेवतं. जून २०२५ च्या पावसात आयटी पार्कचे रस्ते तुंबले आणि लोकांनी त्याचं नाव 'वॉटर पार्क' करून टाकलं. लोगोरामात शेवटी तेल वर आलं होतं, आपल्याकडे गटार. पण त्या दिवशीचा तो विनोद मला मोलाचा वाटला. ना परवानगी, ना पीडीएफ. बुडत्या माणसांनी सरकारी बोर्डावरच्या दोन शब्दांतला एक बदलला, बस्स.

लोगोरामावर माझा एकच आक्षेप आहे. त्या शहरात लोगो नसलेलं कुणीच नाही, आणि हे खरं वाटत नाही. हिंजवडीत रात्री अकराला बघा. गेटवरच्या काकांच्या टोपीवर एजन्सीचा लोगो, शर्टावर कंपनीचा, पिशवीवर कुठल्यातरी बिल्डरचा. तीन लोगो अंगावर, आणि तिघांपैकी कुणीच त्यांना आपलं म्हणत नाही. महिन्याला आठ-दहा हजार माणसं या काकांसमोर आयकार्ड धरतात, त्यांचं नाव वाचायला कुणी थांबत नाही. ते शर्टावर असतं, लोगोच्या खाली, बारीक अक्षरांत.

हिंजवडीचा लोगोरामा कुणी केलाच, तर माझी मागणी एवढीच की ते बारीक अक्षर पडद्यावर मोठं दिसू दे. आणि फिल्म सोळा मिनिटांत संपवायचा आग्रह धरू नका. इथे सोळा मिनिटांत फेज थ्रीवरून विप्रो सर्कलसुद्धा येत नाही.